नवोदितांच्या प्रादेशिक क्रीडास्पर्धा : ब्राझिलियन जिउ-जित्सूच्या अनुषंगाने एक अभ्यास

कोणत्याही देशाच्या क्रीडाविकासाची चर्चा बहुधा पदकतालिकेपासून सुरू होते आणि पदकतालिकेपाशीच संपते. परंतु ज्या हजारो मुलामुलींमधून पुढे एखादा पदकविजेता घडतो, त्या सर्वांचा स्पर्धेशी पहिला परिचय जिल्हा वा प्रादेशिक पातळीवरच्या एखाद्या साध्या सभागृहात होतो. त्या पहिल्या दिवशी मुलाला तुल्यबळ प्रतिस्पर्धी मिळाला की नाही, दुखापत टळली की नाही आणि पराभवानंतरही त्याला पुन्हा खेळावेसे वाटले की नाही, यांवर त्याचे पुढील क्रीडाजीवन अवलंबून असते. म्हणूनच नवोदितांच्या स्पर्धेची रचना हा केवळ संयोजनाचा तपशील नसून तो सार्वजनिक धोरणाचा विषय आहे.

या प्रश्नाचा अभ्यास करण्यासाठी ब्राझिलियन जिउ-जित्सू हा खेळ विशेष उपयुक्त ठरतो. हा खेळ ऑलिंपिकमध्ये नाही. त्याचा प्रसार मुख्यतः खाजगी प्रशिक्षण केंद्रे, स्वयंसेवी प्रकल्प आणि काही ठिकाणी शासन यांच्यामार्फत झाला आहे. त्याच्या प्रादेशिक स्पर्धांत चार वर्षांच्या बालकापासून पन्नाशी ओलांडलेल्या नवशिक्यापर्यंत सर्व जण एकाच छताखाली उतरतात. इतक्या भिन्न वयाच्या, वजनाच्या आणि तयारीच्या व्यक्तींमध्ये न्याय्य लढती कशा लावाव्यात, याची उत्तरे या खेळाने नियमांच्या रूपाने दिली आहेत. प्रस्तुत लेखात या नियमांचा, त्यांतील उणिवांचा आणि भारतीय संदर्भात त्यांपासून घेण्याजोग्या बोधाचा विचार केला आहे.

उगम आणि प्रसार

जपानमध्ये जिगोरो कानो यांनी १८८२ मध्ये कोदोकान संस्था स्थापन करून जुन्या जुजुत्सू परंपरांतून ज्युदो ही नवी शिस्त घडविली. याच संस्थेत तयार झालेले मित्सुयो माएदा १९०४ मध्ये जपानबाहेर पडले आणि अनेक देशांत कुस्तीचे सामने करीत १९१४ मध्ये ब्राझीलमध्ये पोहोचले. पुढे ते अॅमेझॉन खोऱ्याच्या मुखाशी असलेल्या बेलेम या बंदराच्या शहरी स्थायिक झाले. त्यांच्या परंपरेतून ही विद्या कार्लोस ग्रेसी यांना मिळाली. कार्लोस आणि त्यांचे धाकटे बंधू हेलिओ यांनी रिओ दी जानेरो येथे जमिनीवरील पकडींवर भर देणारी पद्धत विकसित केली.

ग्रेसी कुटुंबाचे नाव जगभर पोहोचले असले तरी या खेळाची दुसरीही एक शाखा आहे. माएदा यांच्याच शिष्यपरंपरेतील ओस्वाल्दो फाद्दा यांनी विसाव्या शतकाच्या मध्यास रिओच्या उत्तरेकडील श्रमिक वस्त्यांत ही विद्या शिकविली आणि ज्यांना शुल्क परवडत नव्हते अशांनाही शिष्य करून घेतले. 'हा खेळ कोणाचा?' हा प्रश्न अशा रीतीने आरंभापासूनच त्याच्या सोबत आहे.

संघटित स्पर्धांचा पाया १९६७ मध्ये तत्कालीन ग्वानाबारा राज्यात स्थापन झालेल्या महासंघाने घातला. १९९४ मध्ये ब्राझीलचा राष्ट्रीय महासंघ अस्तित्वात आला आणि १९९६ मध्ये रिओ येथे पहिली जागतिक अजिंक्यपद स्पर्धा झाली. दरम्यान, नोव्हेंबर १९९३ मध्ये अमेरिकेतील डेन्व्हर येथे झालेल्या मिश्र युद्धकलेच्या स्पर्धेत रॉयस ग्रेसी यांनी आपल्याहून वजनदार प्रतिस्पर्ध्यांवर मात केल्याने या खेळाकडे साऱ्या जगाचे लक्ष वेधले गेले. २००७ पासून जागतिक स्पर्धा कॅलिफोर्नियात भरू लागली. खेळाचे आर्थिक केंद्र ब्राझीलकडून अमेरिकेकडे कसे सरकले, हे यावरून दिसून येते.

खेळाचे स्वरूप

भारतीय वाचकाला हा खेळ समजण्यास कुस्तीशी तुलना सोयीची आहे. कुस्तीत प्रतिस्पर्ध्याचे दोन्ही खांदे जमिनीला टेकले की तो चीतपट होतो आणि लढत संपते. जिउ-जित्सूत मात्र पाठीवर पडलेला खेळाडू हरत नाही. तो आपल्या पायांनी प्रतिस्पर्ध्याला रोखून धरतो व तेथूनच प्रतिहल्लाही करू शकतो. या बचावस्थितीला 'गार्ड' म्हणतात. ठोसे व लाथा यांना या खेळात पूर्ण मज्जाव आहे. सांध्यावर ताण देणारी किंवा गळ्यावर दाब देणारी पकड बसली की खेळाडू हाताने थाप मारून अथवा तोंडी शरणागती पत्करतो आणि लढत तत्क्षणी थांबते.

शरणागती न झाल्यास निकाल गुणांवर लागतो. आंतरराष्ट्रीय महासंघाच्या नियमांनुसार प्रतिस्पर्ध्याला खाली पाडणे, खालून उलटवून वर येणे आणि पोटावर गुडघा रोवून नियंत्रण ठेवणे यांना प्रत्येकी २ गुण मिळतात. पायांचा अडसर पार करून बाजूला येण्यास ३ गुण, तर छातीवर स्वार होणे किंवा पाठीमागून पूर्ण ताबा मिळविणे यांस ४ गुण मिळतात. मिळविलेली स्थिती ३ सेकंद टिकविली तरच गुण ग्राह्य धरला जातो. या तीन सेकंदांच्या अटीमुळे केवळ झटापटीला नव्हे, तर नियंत्रणाला महत्त्व येते. नवोदितांच्या दृष्टीने हा नियम मोलाचा आहे, कारण बेभान जोरापेक्षा संयम फलदायी ठरतो हे त्यातून मुलाच्या लक्षात येते.

वर्गीकरणाची त्रिसूत्री : वय, पट्टा आणि वजन

स्पर्धेतील समानता म्हणजे सर्वांना एकाच गटात उभे करणे नव्हे. असमान व्यक्तींचे विवेकपूर्ण गट पाडल्याखेरीज समान संधी निर्माण होत नाही, हे तत्त्व येथे तीन निकषांच्या आधारे अमलात आणले जाते.

पहिला निकष वयाचा. मुलांसाठी ४ ते ६, ७ ते ९, १० ते १२ आणि १३ ते १५ असे चार मुख्य गट असून प्रत्येक गटाचे पुन्हा एकेका वर्षाचे तीन उपगट केले आहेत. १६ व १७ वर्षांच्या किशोरांचा गट स्वतंत्र आहे. १८ वर्षांपासून प्रौढ गट आणि ३० वर्षांपासून ज्येष्ठ गट सुरू होतात. वय मोजताना स्पर्धेच्या वर्षातून जन्मवर्ष वजा केले जाते. लढतीचा कालावधीही वयानुसार वाढतो. ४ ते ६ वर्षांच्या बालकांसाठी तो २ मिनिटे, ७ ते ९ साठी ३ मिनिटे आणि १० ते १५ साठी ४ मिनिटे आहे. किशोरांची तसेच पांढऱ्या पट्ट्याच्या प्रौढ नवशिक्यांची लढत ५ मिनिटांची, तर काळ्या पट्ट्याच्या प्रौढांची १० मिनिटांची असते.

जन्मवर्षाच्या या मोजणीत एक सूक्ष्म अन्याय दडलेला आहे. एकाच वर्षी जानेवारीत जन्मलेले आणि डिसेंबरात जन्मलेले मूल एकाच उपगटात येते. सात-आठ वर्षांच्या वयात अकरा महिन्यांचे अंतर शरीरबळाच्या दृष्टीने लहान नसते. क्रीडाशास्त्रात यास 'सापेक्ष वयाचा परिणाम' म्हणतात. लवकर जन्मलेले मूल मोठे दिसते, म्हणून जिंकते, जिंकल्यामुळे त्याची निवड होते आणि निवड झाल्याने त्याला अधिक चांगले प्रशिक्षण मिळते. गुणवत्तेचा शोध म्हणून आपण जे करतो, त्यात जन्ममहिन्याची निवड किती, हा प्रश्न प्रत्येक क्रीडा प्रशासकाने स्वतःला विचारावयास हवा.

दुसरा निकष पट्ट्याचा, म्हणजे तयारीचा. १५ वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी पांढरा, राखाडी, पिवळा, नारिंगी आणि हिरवा असे पट्टे आहेत. १६ वर्षांपासून निळा, तर पुढे जांभळा, तपकिरी आणि काळा हा क्रम येतो. काळ्या पट्ट्यासाठी किमान वय १९ वर्षे आहे. पट्टा प्रशिक्षक देतो, त्यासाठी सर्वत्र सारखी अशी परीक्षा नाही. परिणामी दोन केंद्रांतील एकाच पट्ट्याच्या खेळाडूंत बरेच अंतर असू शकते. काही प्रशिक्षक पदकांच्या मोहाने शिष्याला मुद्दाम खालच्या पट्ट्यात ठेवतात, ही या खेळातील जुनी तक्रार आहे. यावर उपाय म्हणून काही स्पर्धा पट्ट्याऐवजी प्रशिक्षणाच्या कालावधीनुसार गट पाडतात. अमेरिकेत १९९५ पासून स्पर्धा भरविणाऱ्या 'नागा' या संस्थेने ही पद्धत रूढ केली आहे.

तिसरा निकष वजनाचा. येथील नियम विशेष अभ्यसनीय आहे. आंतरराष्ट्रीय महासंघाच्या स्पर्धांत खेळाडूचे वजन पहिल्या लढतीच्या अगदी आधी, गणवेशासह, एकदाच घेतले जाते आणि वजन अधिक भरल्यास तो बाद ठरतो. वजन आदल्या दिवशी घेतले तर खेळाडू उपाशी राहून, घाम गाळून वजन उतरवितो आणि रात्रीतून ते भरून काढून आपल्याहून लहान प्रतिस्पर्ध्यासमोर उभा राहतो. वजन व लढत यांत काही मिनिटांचेच अंतर ठेवले की या खटाटोपाचा लाभच उरत नाही. निर्जलीकरण झालेला खेळाडू लगेच लढू शकत नाही, हे त्यालाही ठाऊक असते. केवळ बंदी घालण्याऐवजी अपप्रवृत्तीमागील लाभ काढून घेणे, हे उत्तम नियमनाचे उदाहरण म्हणता येईल.

वजनाचा प्रश्न भारतीयांना नवा नाही. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० किलो गटाच्या अंतिम लढतीपूर्वी विनेश फोगट यांचे वजन १०० ग्रॅमने अधिक भरले आणि त्या अपात्र ठरल्या. प्रौढ व जागतिक दर्जाच्या खेळाडूला ज्या ताणातून जावे लागते, त्याचा वाढत्या वयातील मुलांवर काय परिणाम होईल याची कल्पना यावरून करता येते.

पहिल्या फेरीचा प्रश्न

गट कितीही काळजीपूर्वक पाडले तरी स्पर्धेची बांधणी चुकल्यास नवोदिताचे नुकसान होते. हे एका साध्या गणिताने स्पष्ट होईल. समजा, एका गटात ८ मुले आहेत. बाद पद्धतीत विजेता ठरविण्यासाठी ७ लढती पुरतात. मात्र पहिल्या फेरीतच ४ मुले, म्हणजे निम्मी मुले, एकेक लढत खेळून घरी जातात. गावाहून चार तास प्रवास करून आलेले, प्रवेशशुल्क भरलेले मूल कदाचित मिनिटभरात बाद होते. पहिल्या लढतीत भीतीने हातपाय गारठणे स्वाभाविक असते आणि ती भीती ओसरून खेळण्याची संधी त्याला मिळतच नाही.

याउलट, या आठ जणांचे चौघांचे दोन गट करून साखळी पद्धती अवलंबिल्यास प्रत्येक गटात ६, म्हणजे एकूण १२ लढती होतात. गटविजेत्यांची अंतिम लढत धरून हा आकडा १३ होतो. प्रत्येक मुलाला किमान ३ लढती मिळतात. ४ मिनिटांच्या लढतीप्रमाणे बाद पद्धतीस २८ मिनिटे, तर साखळी पद्धतीस ५२ मिनिटे लागतात. मधला मार्ग दुहेरी बाद पद्धतीचा. तीत १४ किंवा १५ लढतींत निकाल लागतो आणि कोणीही दोन पराभवांखेरीज बाहेर जात नाही.

म्हणजेच न्यायाची किंमत या उदाहरणात २४ मिनिटे एवढी आहे. ही किंमत मॅटची संख्या, पंचांचे मानधन आणि सभागृहाचे भाडे यांच्या रूपाने कोणीतरी द्यावी लागते. मोठ्या अजिंक्यपद स्पर्धांना ती परवडत नाही, म्हणून त्या बाद पद्धतीने होतात. प्रादेशिक, नवोदितांच्या स्पर्धेचा उद्देशच वेगळा असल्याने तेथे साखळी पद्धत अधिक योग्य ठरते. 'ग्रॅपलिंग इंडस्ट्रीज' ही स्पर्धामालिका साखळी पद्धतीसाठीच ओळखली जाते. महाराष्ट्रात जत्रेच्या कुस्ती मैदानात जाणती वस्ताद मंडळी तोडीस तोड जोड पाहून कुस्ती लावतात. त्यामागेही विजेता शोधण्यापेक्षा लढत रंगावी व पोरगा पुढे यावा, हाच विचार असतो.

सुरक्षितता आणि आरोग्य

मुलांच्या हाडांच्या टोकांशी वाढीची कूर्चा असते. वाढ पूर्ण होईपर्यंत हा भाग अस्थिबंधांपेक्षाही नाजूक असतो. त्यामुळे प्रौढाच्या केवळ लचक भरण्यावर निभावणारा ताण मुलाच्या वाढीवर परिणाम करू शकतो. या शरीरशास्त्रीय वस्तुस्थितीचे प्रतिबिंब नियमांत उमटले आहे. १२ वर्षांपर्यंतच्या मुलांना घोट्यावरील सरळ पकड, मनगटाची पकड आणि समोरून मान आवळणारी पकड यांना मनाई आहे. प्रौढांतही मनगटाची पकड निळ्या पट्ट्यापासून, तर गुडघ्याची सरळ पकड तपकिरी व काळ्या पट्ट्यासच खुली आहे. प्रतिस्पर्ध्याला उचलून आपटणे सर्वांनाच निषिद्ध आहे. जोखीम अनुभवासोबत पायरीपायरीने वाढू द्यावी, हे या मांडणीचे सूत्र होय.

पकड पूर्ण बसली आहे आणि गंभीर इजा संभवते अशी खात्री झाल्यास खेळाडूने थाप मारण्याची वाट न पाहता लढत थांबविण्याचा अधिकार पंचाला असतो. मुलांच्या लढतीत याचे महत्त्व फार मोठे आहे. आईवडील, प्रशिक्षक आणि मित्र पाहत असताना शरण जाण्याची लाज वाटून मूल वेदना सोसत राहते. गळ्यावरील पकडीत मेंदूचा रक्तपुरवठा अडल्यास सुमारे दहा सेकंदांत शुद्ध हरपू शकते. म्हणून पंच प्रशिक्षित असणे ही चैन नव्हे, तर मूलभूत गरज आहे.

दुखापतीइतकेच लक्ष त्वचारोगांकडे द्यावे लागते. अंगाला अंग भिडणाऱ्या सर्व खेळांत गजकर्ण आणि जिवाणूजन्य पुरळ झपाट्याने पसरतात. मॅट जंतुनाशकाने पुसणे, मॅटबाहेर अनवाणी न फिरणे, नखे कापणे, धुतलेला गणवेश वापरणे आणि वजनाच्या वेळी त्वचेची तपासणी करणे हे स्वस्त आणि परिणामकारक उपाय आहेत. डोक्याला मार लागून भोवळ आल्यास त्या दिवशी पुन्हा खेळू न देणे, हा नियम तर कोणत्याही खेळात अपवादाविना पाळला गेला पाहिजे.

तीन देश, तीन प्रतिमाने

एकाच खेळाचा पाया तीन देशांत तीन वेगळ्या मार्गांनी रचला गेला. धोरणाच्या अभ्यासकांसाठी ही तुलना उद्बोधक आहे.

ब्राझीलमध्ये क्लब आणि सामाजिक प्रकल्प हे मुख्य आधार आहेत. रिओच्या डोंगरउतारांवरील झोपडवस्त्यांत, म्हणजे 'फावेलां'त, अनेक प्रकल्प मुलांना विनाशुल्क प्रशिक्षण देतात. शेजारच्या ज्युदो खेळातील उदाहरण अधिक परिचित आहे. ऑलिंपिक पदकविजेते फ्लाव्हिओ कान्तो यांच्या पुढाकाराने २००३ मध्ये सुरू झालेल्या 'इन्स्तितुतो रेआसांव' या संस्थेतून घडलेल्या, 'सिदादे दे देउस' वस्तीतील राफाएला सिल्वा यांनी २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये सुवर्णपदक जिंकले. शासनाने २००४ च्या कायद्याने खेळाडूंना थेट आर्थिक साहाय्य देणारी 'बोल्सा अत्लेता' योजना आणली आणि २००६ च्या कायद्याने क्रीडा प्रकल्पांना देणगी देणाऱ्यांस करसवलत दिली. येथे राज्यसंस्था स्वतः खेळ चालवीत नाही, पण तिचा हात पाठीशी असतो.

अमेरिकेत बाजारपेठ हाच आधार आहे. खाजगी प्रशिक्षण केंद्रे मासिक शुल्क घेतात, खाजगी कंपन्या स्पर्धा भरवितात आणि प्रवेशशुल्कावर त्या चालतात. यामुळे स्पर्धांची संख्या वाढली, विविध पद्धतींचे प्रयोग झाले आणि पालकांना निवडीचे स्वातंत्र्य मिळाले. मात्र गणवेश, शुल्क, प्रवास आणि मुक्काम यांचा खर्च ज्या कुटुंबाला झेपत नाही, त्याचे मूल दाराबाहेर राहते. शिवाय प्रत्येक आयोजकाचे नियम निराळे असल्याने एका शनिवारी वैध असलेली पकड दुसऱ्या शनिवारी अवैध ठरते.

संयुक्त अरब अमिरातीत राज्यसंस्थेने पुढाकार घेतला. अबू धाबीच्या शाळांत २००८ पासून जिउ-जित्सूचा समावेश करण्यात आला आणि पुढे राष्ट्रीय महासंघ उभा राहिला. शाळेतच शिकविले जात असल्याने मुलींचा सहभाग वाढला. २०१८ मध्ये जाकार्ता येथील आशियाई क्रीडास्पर्धेत जु-जित्सूचा प्रथमच समावेश झाला, तेव्हा या देशाच्या खेळाडूंनी पदके मिळविली. संसाधने मुबलक असलेल्या लहान देशाला हे शक्य झाले, हे मात्र विसरता कामा नये.

बालवयात स्पर्धा किती असावी?

नवोदितांच्या स्पर्धा उपयुक्त मानल्या तरी त्यांच्या मर्यादेचा प्रश्न उरतोच. नॉर्वेने या बाबतीत स्पष्ट भूमिका घेतली आहे. तेथील क्रीडा महासंघाच्या बालक्रीडा नियमांनुसार वयाच्या सहाव्या वर्षापासून स्थानिक, नवव्या वर्षापासून प्रादेशिक स्पर्धेत भाग घेता येतो. निकालांच्या याद्या व क्रमवाऱ्या अकराव्या वर्षापासूनच लावता येतात आणि तेरा वर्षांपूर्वी राष्ट्रीय अजिंक्यपद स्पर्धेस परवानगी नाही. असे असूनही हिवाळी ऑलिंपिकच्या पदकतालिकेत हा छोटा देश अग्रस्थानी असतो. लवकर क्रमवारी लावली नाही तर विजेते घडत नाहीत, हा समज या उदाहरणापुढे टिकत नाही.

जपानचा अनुभव तर जिउ-जित्सूच्या मातृकुळातला आहे. अखिल जपान ज्युदो महासंघाने मार्च २०२२ मध्ये प्राथमिक शाळेतील मुलांची राष्ट्रीय वैयक्तिक स्पर्धा बंद करण्याचा निर्णय जाहीर केला. जिंकण्यावरचा अवाजवी भर, लहान मुलांचे वजन उतरविणे, पालक व प्रशिक्षकांचे मैदानाबाहेरील वर्तन अशी कारणे त्यामागे होती. ज्या देशात या विद्येचा उगम झाला, त्यानेच राष्ट्रीय पातळीवरून एक पाऊल मागे घेतले, ही घटना विचार करावयास लावणारी आहे. स्पर्धा मुळातच हानिकारक आहे असा याचा अर्थ नाही. स्पर्धेची पातळी मुलाच्या वयाशी सुसंगत असावी, एवढाच तो आहे. या दृष्टीने घराजवळची प्रादेशिक स्पर्धा हीच बालवयातील सर्वांत योग्य पातळी ठरते.

भारतीय संदर्भ

राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीतील राज्यसूचीत ३३ व्या क्रमांकाच्या नोंदीत क्रीडा हा विषय येतो. त्यामुळे जिल्हा व प्रादेशिक स्पर्धांची जबाबदारी प्रामुख्याने राज्यांवर आहे. केंद्र शासन धोरण, अर्थसाहाय्य आणि राष्ट्रीय स्पर्धा या मार्गांनी साहाय्य करते. २०१७-१८ मध्ये आधीच्या योजनांचे एकत्रीकरण करून 'खेलो इंडिया' हा कार्यक्रम नव्या स्वरूपात आला. त्याच्या पहिल्या शालेय स्पर्धा २०१८ मध्ये नवी दिल्लीत झाल्या आणि २०१९ मध्ये पुणे येथे त्यांना युवा स्पर्धांचे रूप मिळाले. निवडक खेळाडूंना वर्षाला ५ लाख रुपये याप्रमाणे ८ वर्षे साहाय्याची तरतूद या कार्यक्रमात करण्यात आली.

जुलै २०२५ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने मंजूर केलेल्या 'खेलो भारत नीती २०२५' या धोरणाचे पाच आधारस्तंभ आहेत : जागतिक पातळीवरील उत्कृष्टता, आर्थिक विकासासाठी क्रीडा, सामाजिक विकासासाठी क्रीडा, लोकचळवळ म्हणून क्रीडा आणि शिक्षणाशी एकात्मता. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने राष्ट्रीय क्रीडा प्रशासन कायदा संमत केला. त्यात राष्ट्रीय क्रीडा मंडळ, राष्ट्रीय क्रीडा न्यायाधिकरण तसेच महिला व अल्पवयीन खेळाडूंच्या संरक्षणासाठी सुरक्षित क्रीडा धोरण यांची तरतूद आहे. वयचोरीला आळा घालण्यासाठी २०१० मध्ये राष्ट्रीय संहिता करण्यात आली होती. तिची सुधारित आवृत्ती २०२५ मध्ये आली. बालकाला विश्रांतीचा व खेळण्याचा हक्क देणाऱ्या संयुक्त राष्ट्रांच्या बालहक्क संहितेस (१९८९, अनुच्छेद ३१) भारताने १९९२ मध्ये मान्यता दिली आहे.

जु-जित्सूपुरते बोलावयाचे तर २०२३ मध्ये हांगझोऊ येथे पार पडलेल्या आशियाई क्रीडास्पर्धेत भारतीय खेळाडू या प्रकारात उतरले होते. परंतु येथे महत्त्वाचा मुद्दा हा एक खेळ वाढविण्याचा नाही. कुस्ती, ज्युदो, मुष्टियुद्ध, तायक्वांदो यांसारख्या भारतात रुजलेल्या सर्व द्वंद्वात्मक खेळांच्या जिल्हास्तरीय स्पर्धांना पुढील पाच गोष्टी लागू करता येतील :

१. नवोदितांचे स्वतंत्र गट प्रशिक्षणाच्या कालावधीनुसार करणे.
२. वजन लढतीच्या लगेच आधी आणि एकदाच घेणे.
३. १२ वर्षांपर्यंत साखळी पद्धत वापरून प्रत्येकाला किमान दोन लढतींची हमी देणे.
४. धोकादायक डावांची वयानुसार यादी स्थानिक भाषेत छापून पालकांच्या हाती देणे.
५. प्रत्येक मैदानावर प्रथमोपचाराची सोय आणि अल्पवयीनांसाठी तक्रार ऐकून घेणारी जबाबदार व्यक्ती नेमणे.

यांपैकी पहिल्या चार गोष्टींना भव्य क्रीडासंकुलाची गरज नाही. त्यांना लागतो तो पंचांच्या प्रशिक्षणावरील खर्च आणि संयोजकांची इच्छाशक्ती.

समारोप

विकासाच्या परिभाषेत आपण शाळेतील नावनोंदणी आणि गळती हे दोन आकडे नेहमी सोबत पाहतो. क्रीडाक्षेत्रात मात्र सहभागाचा आकडा सांगितला जातो आणि पहिल्या पराभवानंतर किती मुले परतली नाहीत हे मोजलेच जात नाही. जिउ-जित्सूच्या छोट्या प्रादेशिक स्पर्धांनी हेच मोजण्याजोगे ठरविले आहे. तुल्यबळ जोड, वयाला साजेसे नियम, योग्य वेळी हस्तक्षेप करणारा पंच आणि दुसरी संधी या चार गोष्टी मिळाल्या तर हरलेले मूलही पुढच्या वर्षी पुन्हा वजनकाट्यावर उभे राहते. ज्या स्पर्धेतून हरलेली मुले परत येतात, तीच यशस्वी मानावयास हवी आणि क्रीडा योजनांच्या मूल्यमापनात या निकषाला स्थान मिळावयास हवे.

सरावासाठी प्रश्न

१. 'समान संधी म्हणजे समान वागणूक नव्हे.' क्रीडास्पर्धांतील वर्गीकरणाच्या आधारे या विधानाची चर्चा करा.
२. बाद पद्धत, दुहेरी बाद पद्धत आणि साखळी पद्धत यांची १६ खेळाडूंच्या गटासाठी लढतींच्या संख्येनुसार तुलना करा. (साखळीसाठी चौघांचे चार गट धरावेत.)
३. ब्राझील, अमेरिका आणि संयुक्त अरब अमिराती यांच्या क्रीडाप्रसाराच्या प्रतिमानांतील कोणते घटक भारतासारख्या संघराज्यात स्वीकारता येतील? सकारण लिहा.
४. बालवयातील राष्ट्रीय स्पर्धांवर मर्यादा असाव्यात काय? नॉर्वे व जपान यांच्या अनुभवांच्या आधारे आपले मत मांडा.
५. राष्ट्रीय क्रीडा प्रशासन कायदा, २०२५ मधील अल्पवयीन खेळाडूंच्या संरक्षणविषयक तरतुदीचे महत्त्व जिल्हास्तरीय स्पर्धांच्या संदर्भात स्पष्ट करा.